इंजिन माजिवड्याला, गिअरबॉक्स ठाकुर्लीला

माझं लग्न गाडीवरून ठरलं. लोकांच्या पोरींचं पत्रिकेवरून जुळतं, मानपानावरून अडतं. माझं इंजिनावरून जुळलं आणि गिअरबॉक्सवरून अडलं. हसा, खुशाल हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

मी गोदा. माहेर ठाकुर्लीचं, चोळेगावातलं. आम्ही आगरी. माझा बाप गणू बहारीनला टगबोटीवर कामाला होता. तिकडून परत येताना लोक सोनं आणायचे, टू-इन-वन आणायचे, साबणाच्या वड्या नि जाड ब्लँकेटं आणायचे. आमच्या बाबाने त्र्याऐंशी साली व्हॅन आणली. निशिदा नावाची जपानी व्हॅन, पाठीमागे तीन रांगा बसायला, खिडकीला पडदे. गावात कुणाच्या तोंडात ते नाव बसेना. म्हाताऱ्यांनी तिचं निशिगंधा करून टाकलं आणि तेच नाव पडलं.

गाडी झकास होती, पण उलटी होती. तिकडे रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने चालतात ना, म्हणून स्टीअरिंग डावीकडे आणि माणसांनी उतरायचा सरकता दरवाजा उजवीकडे. म्हणजे आपल्याकडे तो उघडला की थेट भर रस्त्यात. लग्नाला नवरी न्यायची तर आधी एक बाप्या खाली उतरून रस्त्यात उभा राहायचा, टॉवेल हलवून ट्रक थांबवायचा, मग नवरी उतरायची. एवढं असूनही हळदीला, लग्नाला, दवाखान्याला सगळ्यांना निशिगंधाच हवी. बाबाची छाती तेव्हा जी फुगली ती कधी उतरलीच नाही.

अशा निशिगंधा बदलापूरपासून ठाण्यापर्यंत पाच होत्या, सगळ्या आखातातून आलेल्या. पार्ट मिळायचा तर तो दुसऱ्या निशिगंधेच्या पोटातूनच. त्यामुळे एकीचा जीव गेला की बाकीचे मालक गिधाडासारखे जमायचे. भिवंडीतली वायरिंग जळून बंद पडली, तिच्यात मग कोंबड्या राहायला लागल्या. उल्हासनगरची कुठल्याशा वळणावर उलटली. राहिल्या तीन. एक आमची, एक माजिवड्याच्या भिवाची, आणि एक कल्याणच्या खाडीवरल्या मोरू कोळ्याची. मोरू तिच्यातून बर्फातली मासळी न्यायचा. मिठाच्या पाण्याने तिचा तळ असा खाल्ला, की एक दिवस पापलेटाची टोपली पत्रीपुलावर रस्त्यात पडली आणि गाडी तशीच पुढे निघून गेली.

मोरूने गाडी मोडीत काढली म्हटल्यावर बाबा आणि भिवा दोघं त्याच्या अंगणात हजर. इंजिन मला, गिअरबॉक्स पण मला, असं दोघांचं सुरू झालं. सकाळपासून ताणाताणी. मोरू शेवटी कावला आणि म्हणाला, “अरे, याला पोरगी हाय, त्याला पोरगा हाय. सोयरीक करा आनि वाटून घ्या दोघं! माझा डोका खाऊ नका!”

तो वैतागून बोलला हो. यांनी खरं धरलं.

तिथेच, मोरूच्या त्या सडक्या गाडीच्या शिटांवर बसून दोघांनी माझं लग्न ठरवलं. मी दहावी झालेले, शिवणाच्या क्लासला जायचे. मला विचारलं का कुणी? नाव काढू नका. इंजिन भिवाने नेलं, गिअरबॉक्स बाबाने आणला. दोघांनी मुद्दाम अर्धंअर्धं केलं. दुसऱ्याचा अर्धा हिस्सा आपल्याकडे असला की तो आपल्याशी नीट वागेल, असा दोघांचाही हिशेब. घरी येऊन बाबा आईला म्हणाला, “आता दोन्ही गाऱ्या एकाच घरात आल्या.” आई, रखमाबाई तिचं नाव, भाकरी थापत होती. ती म्हणाली, “आनि पोर?” बाबाला प्रश्नच कळला नाही.

ब्याण्णव साली लग्न झालं. धवलारणीने लग्नाचे धवले गायले, हळदीला सगळं गाव नाचलं, आणि मी निशिगंधेतून माजिवड्याच्या नाक्यावर भर हायवेत उतरले. नवरा राघो वागळे इस्टेटला कंपनीत. माणूस वाईट नाही. पण बापापुढे असा मूग गिळून बसायचा, की कधी कधी वाटायचं याला हलवून बघावं, आत आवाज येतो का. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना, ठमाबाईंना, आत्या.

आमच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी मोरूचं इंजिन होतं. होय, इंजिन! बाहेर ठेवलं तर चोरी होईल म्हणून मामांनी ते लाकडाच्या फळ्यांवर खोलीतच ठेवलं होतं, वर घोंगडी. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. नव्या नवरीच्या खोलीत अत्तर दरवळतं म्हणतात, माझ्या खोलीत ऑइल दरवळायचं. दिवस गेल्यावर तर त्या वासाने मला भडभडून यायचं. मी राघोला म्हटलं, हे बाहेर काढा. तो म्हणाला, “बाबांना विचारतो.” अजून विचारतोय.

आणि त्याच वर्षात दोन्ही गाड्या बसल्या. आधी मामांच्या गाडीचा गिअर पडेना. पडला तर राहीना. शेवटी ओट्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. पाठोपाठ ठाकुर्लीला बाबाच्या गाडीचं इंजिन जाम झालं. आता बघा गंमत. मामांना गिअरबॉक्स हवा, तो बाबाच्या पडवीत. बाबाला इंजिन हवं, ते माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. टेम्पो करायचा, हे तिकडे द्यायचं, ते इकडे आणायचं, संध्याकाळी दोन्ही गाड्या सुरू. लहान पोरालाही कळेल.

पण नाही ना! आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिचे आईबाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. बाबा माजिवड्याला यायचा तेव्हा आत्या तांब्या पुढे करायच्या, तो नुसतं बोट लावायचा आणि म्हणायचा, “पोचला.” उन्हातान्हातून आलेला असायचा, जीभ कोरडी पडलेली असायची, पण घोट घेणार नाही. मग इंजिन कसा घेईल?

मी एकदा मामांना म्हटलं, “मामा, इंजिन देऊन टाका बाबांना.”

मामा ओट्यावर पाय पसरून बसलेले. म्हणाले, “मी कुठं नाय म्हनतो? घेऊन जाऊ दे. पन तुझा बापूस माझ्या घरचा पानी पीत नाय, त्याला इंजिन कसा पचेल?”

“मग त्याच्या बदल्यात गिअरबॉक्स घ्या.”

“बदल्यात?” मामा ताडकन उठून बसले. “मी पोराचा बाप हाय. मुलीच्या घरून येतो तो आहेर. मी काय बोहारीण हाय, कपडे घेऊन भांडी द्यायला?”

बाबाला सांगितलं तर तो म्हणाला, “आहेर म्हनून दिला तर माझा गिअरबॉक्स गेला नि इंजिन पन नाय. त्यापेक्षा नातू होऊ दे. मग पानी पन पितो नि इंजिन पन उचलून आनतो.”

इथवर मी सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे जे झालं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काही सांगायला लागत नाही. आणि लेक माहेरी आपली आपण जात नाही, माहेरून कुणीतरी मूळ म्हणून न्यायला यावं लागतं. सातव्या महिन्यात माझी ओटी भरली, तेव्हा बाबाने सगळ्यांदेखत मिशीवर हात फिरवून सांगितलं, “माझी लेक भाड्याच्या गारीतून बालंतपनाला येनार नाय. मी माझ्या निशिगंधेतून न्यायला येईन.”

मामा मान डोलवत म्हणाले, “या ना व्याही. गारी घेऊनच या. तोवर पोर इथं सुखात हाय.”

दोघं हसले. सगळे हसले. मी ओटीतला नारळ धरून पाटावर बसलेले, आणि मला एकदम कळलं की आपण अडकलो. गाडी चालल्याशिवाय मला न्यायला कुणी येणार नाही. मूल झाल्याशिवाय बाबा इंजिन घेणार नाही, म्हणून गाडी चालणार नाही. आणि मूल तर माहेरी जाऊनच व्हायचं! मला खरंच चक्कर आली. बायका म्हणाल्या, दिवसच तसे आहेत, हिला लिंबूपाणी द्या.

आठवा लागला. पाय सुजले. मला भीती वाटत होती, उगीच लपवत नाही. माजिवड्याच्या घरात मला कुणी छळत नव्हतं, पण रात्री कूस बदलताना पोटात काही हललं की आईच हवी वाटायची, दुसरं कुणी नको. तिने माझ्या दोन्ही मावश्यांची बाळंतपणं केलेली, तिचा हात नुसता कमरेवर पडला तरी मला धीर आला असता. आणि मला दिसत काय होतं? पायाशी घोंगडी पांघरलेलं इंजिन. जसं काही तेच बाळंतपणाला आलंय.

राघोला म्हटलं, “तुम्ही सोडा मला ठाकुर्लीला.”

“मूळ आल्याशिवाय?” तो म्हणाला. “बाबा काय म्हणतील? तुझेच बाबा रागावतील.”

“आणि मी रागावले तर?”

तो खाली बघून बुटाची नाडी बांधत बसला. तुम्हाला सांगते, त्या नाडीला एवढा वेळ लागत नाही.

एकदा मी सरळ पिशवी भरली आणि चालत सुटले. नाक्यापर्यंत आले. घोडबंदरकडून खडीचे ट्रक धूळ उडवत येत होते, रिक्षावाला “कुठे जायचं, ताई” विचारत होता. तेवढ्यात आत्या मागून धापा टाकत आल्या. ओरडल्या नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाल्या, “गोदा, न्यायला कुनी आल्याबिगर गेलीस तर लोक बोलतील भांडून गेली. तुझा बापूस तुला दारातून परत पाठवील. मग कुठं जाशील या पोटानं?” मला ठाऊक होतं, बाबा पाठवील. गावात शब्द गेला होता त्याचा. मी परत फिरले. परत येताना ओट्यासमोर मामांची निशिगंधा उभी, मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. तिला लाथ मारावीशी वाटली. मारली पण. माझंच बोट सुजलं.

माझी खबर आईला कुणी दिली ते ठाऊक नाही. आत्यांनीच दिली असेल, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून फोन करून. त्या कधी कबूल झाल्या नाहीत.

नववा लागला त्या आठवड्यातली दुपार. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. समोरून एक बाई येताना दिसली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, अनवाणी. मी म्हटलं हिची चाल ओळखीची आहे. जवळ आली तर आई! चपलेचा अंगठा एसटीत चढताना तुटला म्हणून चप्पल पिशवीत घातलेली. कल्याणहून भिवंडीमार्गे एकटी आली होती. माझी आई, जी डोंबिवलीच्या बाजारात जायचं तरी बाबाच्या मागे चार पावलं असायची!

मामा ओट्यावरच होते. त्यांनी आईच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. मूळ म्हणून आलेला बाप्या दिसेना, गाडी दिसेना. आत्यांनी चटई टाकली आणि रिवाजाप्रमाणे तांब्या पुढे केला. आता आई बोट लावणार आणि पोचलं म्हणणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत.

आईने तांब्या दोन्ही हातांत घेतला. तोंडाला लावला. आणि गटागटा सगळा प्यायली.

आत्यांचा हात तसाच पुढे राहिला. मामा अर्धे उठलेले, ते तसेच वाकून राहिले. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आजून एक द्या, विहीणबाई. बाहेर ऊन लय हाय.”

“रखमाबाई,” मामा म्हणाले, “पोरीला अजून मूल नाय झाला.”

“तेच तर करायला आले,” आई म्हणाली. “आनि व्याही, भूक पन लागली हाय. काय असंल ते वाढा.”

आत्या पटकन आत गेल्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा घेऊन आल्या. आई त्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी बसून जेवली. सावकाश. मी तिच्याकडे बघत रडत होते आणि हातातले तांदूळ सांडत होते. ती जेवता जेवता म्हणाली, “रडू नको, खडे गोला कर.” असं बोलते ती. कौतुक तिला करता येत नाही.

हात धुऊन आई उभी राहिली. “मी लेकीला न्यायला आले.”

“न्यायला बाईमानूस येतो काय कधी?” मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“बाप्ये गारीची वाट बघत बसलेत,” आई म्हणाली. “पोटातला पोर नाय बसनार.”

मामा काही बोलायच्या आत आत्या कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर! तांदूळ, नारळ, खण. माझ्या पदरात घातलं, आईच्या पदरात घातलं, मामांकडे वळूनही बघितलं नाही. एवढ्यात राघो दुसऱ्या पाळीला निघायचा होता, तो डबा हातात घेऊन दारात उभा. त्याने बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डबा खाली ठेवला आणि म्हणाला, “मी रिक्षा आणतो.” लग्नानंतर पहिल्यांदा त्याने काही आधी न विचारता केलं. मला त्या घटकेला तो इतका आवडला, की मागचं सगळं मी तिथल्या तिथे माफ केलं. नाडीसकट.

रिक्षा आली तेव्हा मामा खाली उतरले. चेहरा पडलेला होता. त्यांनी घसा साफ केला. “रखमाबाई, आता पानी प्यालात, अन्न खाल्लात. आता काय आडकाठी राहिली नाय. व्याह्यांना सांगा, इंजिन न्या. मीच पाठवतो टेम्पोनं.”

म्हणजे दिलं! इतके महिने अडवलेलं एका तांब्यासरशी दिलं. मी आईकडे बघितलं.

“नको,” आई म्हणाली. “मी पोर न्यायला आले. तेवढीच नेते.”

राघो रिक्षावाल्याशेजारी बसला आणि आम्ही दोघी मागे. खड्डा आला की आई माझ्या पोटावर हात ठेवायची, जसा काही तिच्या हाताने खड्डा भरणार होता. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली, “त्यांच्या सुकटीत मीठ जास्त हाय.” मी खिदळले. किती दिवसांनी हसले असेन, देव जाणे. वाटलं, सुटले. खरंच सुटले.

चोळेगावात शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाबा अंगणात निशिगंधेचं बॉनेट पुसत होता. रोज पुसायचा, बंद गाडी. रिक्षा थांबलेली बघून तो सरळ झाला. आधी राघो उतरला, मग आई, मग मला दोघांनी धरून उतरवलं. भाड्याच्या गाडीतून लेक आली म्हणून तो आता ओरडणार, असं मी धरूनच चालले होते. ओरडला असता तरी चाललं असतं.

राघोने सगळं सांगितलं. बिचारा सरळ माणूस, जसं घडलं तसं सांगत गेला. आई पाणी कशी प्यायली, जेवली कशी, मामा कसे नरमले, इंजिन न्या म्हणाले, आणि आई नको म्हणाली.

बाबाच्या हातातलं फडकं थांबलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, सुजलेल्या पायांकडे बघितलं नाही. आईकडे वळून तो कळवळून म्हणाला, “अगं, तो देत होता! पानी प्यालीसच होतीस, मग इंजिन का नाय आनलास?”

मी आजवर पुष्कळ रागावलेय. रागीट आहेच मी. पण तसा राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतर कधी आला नाही. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मी ओटीतला नारळ सांभाळत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बाबा,” मी म्हटलं, “मला मुलगी झाली तर तिला कुठे द्यायची ते आत्ताच शोधून ठेवा. कुठेतरी अजून एखादी निशिगंधा शिल्लक असेल.”

 त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं, ते त्याने उचललं नाही. त्या रात्री तो जेवायला आत आला नाही, आणि आईने त्याला हाकही मारली नाही.

आईच्या हाताखाली माझं बाळंतपण सुखरूप झालं. मुलगीच झाली. बाराव्या दिवशी बायका जमल्या, पाळणा बांधला, नाव ठेवलं. बाबा दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. शेवटी मीच त्याला बोलावलं आणि पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं. तो तिच्याकडे बघत राहिला, पण माझ्याकडे मान वर करून बघायचं त्याला धाडस झालं नाही.